मोटार हाकणाऱ्याची पादत्राणे

मोटार विकत घेणारा मनुष्य सहसा चौकशीत कसूर करीत नाही. गाडी एका लिटरमध्ये किती किलोमीटर चालते, टायरांची झीज किती झाली आहे, गाडी जुनी असल्यास क्लचप्लेट केव्हा बदलली होती, हे सर्व तो बारकाईने विचारून घेतो. गाडी दारात आल्यावर तिला हार घातला जातो, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात. परंतु ती गाडी चालविताना पायात काय असावे, हा प्रश्न त्यास कोणी विचारीत नाही, व तोही स्वतःस विचारीत नाही. वस्तुतः चालकाचे मन आणि गाडीचा ब्रेक यांच्यामधील जी साखळी आहे, तिचा शेवटचा दुवा म्हणजे त्याच्या पायातील जोडा होय. साखळी कितीही मजबूत असली तरी हा एक दुवा सैल असल्यास बाकीच्या बळकटीचा उपयोग नाही.

हा प्रश्न सर्वत्रच महत्त्वाचा आहे; तथापि खानदेशातील वरणगावासारख्या गावी तो विशेष रीतीने उभा राहतो. भुसावळ तालुक्यातील हे गाव तापीच्या काळ्या, चिकण मातीच्या मुलखात वसलेले आहे. १९६० नंतरच्या दशकात येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभारला गेला, आणि शेतकऱ्यांच्या या गावी कामगारांची मोठी वस्ती झाली. सुरतेकडून धुळे, जळगाव, भुसावळ या मार्गाने नागपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच परिसरातून जातो. पूर्वी त्यास सहा क्रमांकाचा महामार्ग म्हणत. आता त्याचा क्रमांक ५३ आहे, आणि तो चौपदरी झाल्यामुळे त्यावरील वाहनांचा वेगही वाढला आहे. रेल्वेचे मोठे जंक्शन म्हणजे भुसावळ. ते अर्ध्या तासाच्या वाटेवर. तेव्हा गाडी पकडावयाची असो, आजारी माणसास नेावयाचे असो, की मुक्ताईनगरास दर्शनास जावयाचे असो, वरणगावकर मोटारवाल्यास घरातून निघाल्यावर थोड्याच मिनिटांत महामार्गाच्या वेगाशी गाठ घालावी लागते.

आता या मनुष्याच्या पायात काय असते? जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत मोजे व बंद बूट घालून वावरणे म्हणजे पायांस शिक्षाच होय. शिवाय घर, देऊळ, ओटा, ओळखीच्याची बैठक, प्रत्येक ठिकाणी जोडा दाराबाहेर काढावा लागतो. जो जोडा दिवसातून दहा वेळा काढावयाचा व घालावयाचा, तो न वाकता पायात सरकणारा असावा, हे ओघानेच आले. म्हणून या मुलखात चप्पल हे पादत्राण रूढ झाले. ते आळसातून आलेले नसून हवामान आणि शिष्टाचार यांनी मिळून निवडलेले आहे. थंड देशांतील लेखक ‘बूट घालावेत’ एवढे सांगून मोकळे होतात. वरणगावच्या वैशाखात तो उपदेश दोन दिवसही टिकावयाचा नाही. तेव्हा येथील चालकास उपयोगी पडेल असा विचार अगदी मुळापासून करावयास हवा.

बैलगाडी हाकणाऱ्याच्या पायांस काही काम नसे. कासरा हातात, हाक तोंडात, आणि पाय मोकळे. टांगेवाल्याचीही तीच स्थिती. मोटार आली तेव्हा हातांस चाकाचे काम लागले, आणि वेग कमीजास्त करण्याचे काम हळूहळू पायांकडे गेले. हे स्थित्यंतर एका दिवसात झाले नाही. अमेरिकेत १९०८ ते १९२७ या काळात निघालेली फोर्ड कंपनीची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी पाहिली तर आजचा चालक गोंधळून जाईल. तिलाही तीन पेडले होती. परंतु डावे पेडल गाडीची संथ व जलद चाल ठरवी, मधले गाडी मागे नेई, आणि ब्रेक उजव्या पेडलास जोडलेला असे. इंधन वाढविण्याची दांडी सुकाणूच्या चाकाखाली हाताशी होती. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक आणि उजवीकडे ॲक्सिलरेटर हा आज सर्वपरिचित झालेला क्रम १९१६ सालच्या कॅडिलॅक गाडीत दिसतो, आणि १९२२ मध्ये इंग्लंडात निघालेल्या ‘ऑस्टिन सेव्हन’ या छोट्या गाडीने तो सामान्य माणसाच्या अंगवळणी पाडला. याचा अर्थ असा की, जो पाय सहस्रावधी वर्षे केवळ चालत आला, त्यास गेल्या शंभर वर्षांत एक नाजूक हस्तकौशल्य शिकावे लागले. आणि आपली पादत्राणे मात्र अजून चालण्यासाठीच घडविलेली आहेत.

हे कौशल्य कोणते, ते नीट पाहिले म्हणजे जोडा कसा असावा याचे उत्तर आपोआप मिळते. हाताने गियर बदलण्याच्या गाडीत डाव्या पायाकडे एकच काम असते, परंतु ते अवघड असते. इंजिन आणि गियरपेटी यांच्यामध्ये घर्षणाची एक तबकडी असते, व तीव्र दाबाने ती इंजिनाच्या फिरत्या चाकास चिकटलेली असते. क्लचचे पेडल तळापर्यंत दाबले म्हणजे तो दाब सुटतो, आणि इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध तुटतो. पेडल हळूहळू सोडू लागले की, वाटेत एका विशिष्ट ठिकाणी तबकडी पुन्हा पकड घेऊ लागते. ‘आता क्लच धरला’ असे चालक म्हणतो, ते हेच ठिकाण. ते डोळ्यांस दिसत नाही, तळपायास जाणवते. पेडलाची किंचित थरथर, इंजिनाचा उतरलेला सूर, गाडीची पुढे सरकण्याची ओढ, या खुणांवरून पाऊल ते ओळखते. तळ जाड व मऊ असेल तर त्यांतील पहिली खूण पायापर्यंत पोहोचतच नाही.

सपाटीवर याचे फारसे काही वाटत नाही. फार तर गाडी एखादा हिसका देते किंवा बंद पडते. परंतु वरणगावचा एखादा चालक कुटुंबासह अजिंठ्यास निघाला, आणि फर्दापूर सोडल्यावर अजिंठ्याच्या घाटात मालमोटारींच्या रांगेत अडकला, म्हणजे खरी परीक्षा होते. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलविताना डावा पाय क्लच धरण्याच्या ठिकाणी केसभर स्थिर ठेवावा लागतो, आणि त्याच क्षणी उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर न्यावा लागतो. डाव्या पायातील चप्पल पेडलावरून घसरली तर क्लच एकदम सुटतो. गाडी उडी मारते किंवा बंद पडून मागे येते, आणि मागे दुसरी गाडी उभीच असते. उलट, पायास ते ठिकाण जाणवले नाही म्हणून चालक क्लच अर्धवट दाबून ठेवतो, तर तबकडी घासून तापते व जळका वास सुटतो. जड बुटांचा आणखी एक दोष असा की, पाय नकळत क्लचवर टेकून राहतो व त्याचे वजन चालकास कळत नाही. त्यामुळे तबकडी आणि तिच्यामागील बेअरिंग ही अकाली झिजतात. गाडी दुरुस्त करणारा दोष गाडीत शोधतो. तो पुष्कळदा जोड्यात असतो.

उजव्या पायाकडे दोन पेडले असतात, आणि त्या दोहोंची अपेक्षा परस्परविरुद्ध असते. ॲक्सिलरेटर हलक्या स्पर्शाने चालतो. टाच जमिनीवर टेकलेली, आणि पुढचे पाऊल तेवढे वरखाली होणारे, अशी त्याची रीत आहे. ब्रेकला मात्र प्रसंगी पायाचा सगळा जोर लागतो. ब्रेकच्या नळ्यांत द्रव भरलेला असतो. पायाने दिलेला दाब तो चारही चाकांपर्यंत पोहोचवितो, आणि इंजिनाच्या ओढीवर चालणारे एक साधन त्या दाबास साहाय्य करते. हे सारे यंत्र अचूक असले तरी आरंभ पायाकडूनच व्हावा लागतो. म्हणजे एकच जोडा असा पाहिजे की, हलका स्पर्श त्याने लपवू नये आणि पूर्ण जोर त्याने वाया घालवू नये. शिवाय एका पेडलावरून दुसऱ्यावर जाताना त्याने कोठे अडकू नये.

येथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर पुढे जाते. ताशी ८० किलोमीटर वेग असल्यास तेवढ्याच वेळात बावीस मीटर. समजा, उजव्या पायातील चप्पलचे टोक ब्रेकच्या पेडलाखाली गेले, आणि ते सोडवून पाय पुन्हा ठेवण्यास अवघा अर्धा सेकंद लागला. साठाच्या वेगात तेवढ्यात गाडी आठ मीटरांहून अधिक, आणि ऐंशीच्या वेगात अकरा मीटर पुढे गेलेली असते, व तीही वेग तिळमात्र कमी न होता. ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबावयास लागणारे अंतर याखेरीज निराळेच. रस्ता ओलांडणारे एखादे पोर आणि गाडी यांच्यामध्ये आठ मीटर अंतर असणे व नसणे, यांत केवढा फरक आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता नेहमीच्या पादत्राणांची एकेक करून परीक्षा करावी. प्रथम रबरी स्लिपर. तिच्यात पाय केवळ अंगठ्याजवळच्या पट्ट्याने अडकलेला असतो. टाच सर्वस्वी मोकळी. चालताना पाय उचलला की, तिचा मागचा भाग खाली लोंबतो व टाचेवर फटफट आपटतो. तेच गाडीत घडते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून ब्रेककडे नेताना लोंबणारा मऊ तळ पेडलाच्या कडेस अडकतो किंवा त्याखाली दुमडतो. पट्टा निसटला तर स्लिपर पायातून सुटून पेडलांखाली जाऊन पडते. ओल्या पायात तर ती पायाखालून घसरते. म्हणजे तळ पेडलावर राहतो आणि पाय पुढे जातो. घरात वापरावयास इतके सोयीचे पादत्राण नाही, आणि मोटार हाकण्यास इतके गैरसोयीचेही नाही.

कोल्हापुरी किंवा तत्सम कातडी चपलेची गोष्ट थोडी निराळी आहे. तिचा तळ कठीण असल्यामुळे तो दुमडत नाही, आणि पेडलाचा स्पर्शही बऱ्यापैकी जाणवतो. परंतु टाचेस पट्टा नाही हा दोष तिच्यातही आहेच. आणि वापरून गुळगुळीत झालेले कातडे ओल्या पेडलावर साबणासारखे सरकते. सणासुदीस, लग्नकार्यास ती पायात अवश्य शोभावी; मांडवाच्या दाराशी उतरताना ती घालावी व गाडीत बसताना काढावी, हे उत्तम.

उंच टाचेच्या सँडलांबद्दल बोलताना स्त्रियांच्या आवडीनिवडीची थट्टा करण्याची रीत आहे. ती निरर्थक होय. प्रश्न तरफेचा आहे. ॲक्सिलरेटर दाबताना टाच हा टेकू असतो. तो टेकू जमिनीपासून तीनचार बोटे वर गेला म्हणजे घोट्याचा कोन बदलतो, पाऊल आधीच खाली झुकलेले असते, आणि पेडल किती दाबले गेले याचा अंदाज चुकतो. बारीक टाच पायपुसण्यात रुततेही. उंच व जाड अशा सलग तळाच्या सँडलांत टेकू पक्का राहतो, पण पाऊल आणि पेडल यांच्यामध्ये रबराची भिंत उभी राहते. पुरुषांच्या जाड टाचेच्या बुटांसही हीच हरकत लागू आहे.

कारखान्यातील कामगारांचे संरक्षक बूट हे आपल्या जागी अत्यंत आवश्यक आहेत. जड वस्तू पायावर पडली तर बोटे वाचावीत म्हणून त्यांचे नाक कठीण असते व तळ जाड असतो. परंतु ज्या गुणांमुळे ते कारखान्यात पायाचे रक्षण करतात, तेच गुण गाडीत त्यास बधिर करतात. रुंद नाकाचा बूट ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरच्या कडेसही लागू शकतो. आणि दोन्ही पेडले एकदम दाबली गेल्यास गाडी कोणाचे ऐकणार? पाळी संपवून थकलेल्या मनुष्याने बूट बदलावेत असे सांगणे त्रासाचे वाटेल. तथापि थकलेल्या पायासच हलक्या जोड्याची गरज अधिक असते. पावसाळ्यातील गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत घोटा वळत नाही, म्हणून तेही शेतासाठीच ठेवावेत. व्यायामाचे फुगीर तळाचे आधुनिक बूट पायात घट्ट बसतात, हा त्यांचा मोठा गुण. परंतु ज्यांचा तळ बाजूंस फार पसरलेला आहे, ते टाळावेत.

मग अनवाणी पायांनी गाडी हाकावी काय? पुष्कळ जुने चालक तसेच करतात. ट्रॅक्टरवर हात बसलेला शेतकरी आणि लांबच्या वाटेवरील मालमोटारीचा चालक, दोघेही चपला बाजूस काढून बसताना दिसतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. उघड्या तळव्यास जितके जाणवते, तितके कोणत्याही जोड्यातून जाणवत नाही. आणि अनवाणी पाय कोठे अडकत नाही. सैल स्लिपरपेक्षा अनवाणी पाय बरा, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याच्या मर्यादाही आहेत. घामाने किंवा पावसाने ओला झालेला तळवा रबरावर घसरतो. जिवाच्या आकांताने ब्रेक दाबावयाचा तेव्हा पेडलाची कड उघड्या पावलात रुतते व कळ येते, आणि पाय नकळत मागे येतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील तापलेल्या पेडलाचा चटका निराळाच. शिवाय दुर्दैवाने काच फुटली, तर अनवाणी मनुष्यास स्वतः उतरून दुसऱ्यास मदत करणेही कठीण. म्हणून अनवाणी चालविणे ही तडजोड समजावी, नियम समजू नये.

वरणगावच्या पावसाळ्याचा निराळा विचार केला पाहिजे. येथील काळी माती कापसाला व केळीला मानवणारी आहे. पण भिजली म्हणजे ती जोड्यास अशी चिकटते की, दहा पावलांत प्रत्येक पायास शेरभर वजन येते. तिच्यात पाणी धरून फुगणारी अतिशय बारीक चिकणमाती असते, म्हणून ती झटकून जात नाही. हा चिखल तळाच्या सर्व खाचा भरून टाकतो, आणि उत्तम पकडीचा जोडाही गुळगुळीत होऊन बसतो. शेतावरून येऊन तसेच गाडीत बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. दाराशी किंतानाचा एक तुकडा ठेवून तळ खरवडून पुसावा, आणि मगच पाय आत घ्यावा. पेडलांवरील रबरी खोळीही अधूनमधून पुसून घ्याव्यात. झिजून त्यांच्या रेघा नाहीशा झाल्या असल्यास त्या बदलून घ्याव्यात. त्या खोळी म्हणजे एका अर्थी गाडीच्या पायातील जोडेच होत.

येणेप्रमाणे दोष पाहिले. आता गुण पाहावयाचे. मोटार हाकण्याच्या जोड्यात पाच गोष्टी असाव्यात. पहिली, तो टाचेस धरून राहणारा असावा. मागे पट्टा किंवा बंद टाच पाहिजेच. दुसरी, तळ पातळ असावा; साधारणपणे १० मिलिमीटरांहून अधिक जाड नसावा, परंतु बोटांनी सहज दुमडेल इतका लिबलिबीतही नसावा. तिसरी, तळाचे रबर पकड घेणारे असावे. चौथी, रुंदी एवढीच असावी की, ब्रेक दाबताना शेजारचे पेडल स्पर्शू नये. पाचवी, घोटा मोकळा फिरावा. बंद असल्यास त्या नीट बांधून त्यांची टोके आत खोवावीत. लोंबता बंद पेडलास अडकतो. साडीच्या निऱ्या, धोतराचा सोगा किंवा विजारीचा घोळ टाचेखाली येत असल्यास तोही आवरून घ्यावा.

याच गुणांच्या शोधात इटलीमध्ये १९६३ साली मोटारचालकांसाठी म्हणून एका खास जोड्याचे पेटंट घेतले गेले. मऊ कातड्याच्या त्या जोड्याच्या तळास सलग रबराऐवजी रबराच्या बारीक गुठळ्या बसविलेल्या होत्या. पेडलावर पकड राहावी आणि पाऊल मोकळेपणी वळावे, हा हेतु. पुढे श्रीमंतांनी त्यास मिरविण्याची वस्तू केली, ही गोष्ट वेगळी. वरणगावच्या चालकास इटलीपर्यंत जाण्याचे कारण नाही. शाळेतील मुले कवायतीस घालतात तो साधा कॅनव्हासचा बूट भुसावळच्या बाजारात कोठेही मिळतो, आणि वरील पाचही कसोट्यांस तो बहुधा उतरतो. उन्हाळ्यात बंद जोडा सोसत नसेल, तर पुढे व मागे पट्टा असलेली, पातळ रबरी तळाची सँडल घ्यावी. तिच्यात वाराही लागतो आणि पायही सुटत नाही. साध्या सपाट चपलेस चांभाराकडून टाचेचा पट्टा शिवून घेतला, तर तीही पुष्कळ सुधारते.

कायदा याविषयी काय म्हणतो, असा प्रश्न साहजिकच येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चप्पल घालून गाडी चालविण्याबद्दल दंडाची तरतूद नाही. २०१९ साली दंडाच्या रकमा वाढल्या तेव्हा चपलेबद्दलही दंड होतो अशी आवई सर्वत्र उठली होती. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात केंद्रीय परिवहन मंत्र्यांच्या कार्यालयाने ती जाहीरपणे खोडून काढली. मात्र धोकादायक रीतीने वाहन हाकणे हा त्याच कायद्याच्या १८४ व्या कलमाखाली गुन्हा आहे, मग पायात काहीही असो. ब्रिटनमधील वाहतुकीच्या नियमावलीतील ९७ वा नियम थोडा अधिक स्पष्ट आहे. अमुक जोडा घाला किंवा घालू नका असे तो सांगत नाही. चालकाच्या कपड्यांमुळे व पादत्राणांमुळे गाडीची साधने नीट वापरण्यास अडथळा येऊ नये, एवढेच तो सांगतो. कायद्याने न सांगितलेली गोष्ट शहाणपणाने पाळावयाची असते, असाच याचा अर्थ.

पायातील जोड्याइतकेच महत्त्व पायाखालच्या जागेस आहे. पुष्कळ लोक गाडीत बसल्यावर चपला काढतात हे ठीक. पण त्या तेथेच, आसनाखाली सरकवून ठेवतात. ब्रेक लागताच सुटी वस्तू पुढे येते, हा गतीचा नियम आहे. पुढे आलेली चप्पल किंवा पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलामागे जाऊन बसली, तर पेडल खाली जाणारच नाही. आणि हे नेमके ब्रेक लावण्याच्या क्षणीच घडते. २००९ साली अमेरिकेत टोयोटा कंपनीस लक्षावधी गाड्यांविषयी सूचना काढावी लागली. कारण सैल पायपुसणे पुढे सरकून ॲक्सिलरेटर दाबलेल्या स्थितीत अडकण्याचा धोका दिसून आला होता. म्हणून चालकाच्या पायाशी एकही सुटी वस्तू नसावी, पायपुसणे खिळीत बसविलेले असावे, एकावर एक दोन पायपुसणी कधीही घालू नयेत, आणि काढलेल्या चपला मागच्या बाजूस किंवा शेजारच्या आसनाच्या पुढे ठेवाव्यात. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण आपल्याकडे दुसऱ्याच अर्थाने योजतात. मोटारीत मात्र ती शब्दशः खरी ठरते.

नवीन जोडा गाडीस योग्य आहे की नाही, हे पाच मिनिटांत पडताळता येते. गाडी मोकळ्या जागी उभी करावी, गियर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हातब्रेक ओढावा आणि इंजिन चालू करावे. इंजिन बंद असल्यास दोनतीनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल कठीण होते व खरी कल्पना येत नाही. मग प्रथम पाय उचलून झटकावा. जोडा हलला तर तो बाद. नंतर क्लच दहा वेळा तळापर्यंत दाबून सावकाश सोडावा, आणि तळव्यास पेडलाची हालचाल कळते काय, ते पाहावे. शेवटी नजर समोर ठेवून उजवा पाय ॲक्सिलरेटरच्या जागेवरून ब्रेकवर वीस वेळा न्यावा. वीसपैकी एकदाही जोडा अडकला, तर एकविसाव्या वेळेचा भरवसा धरू नये. हीच परीक्षा तळ ओला करून पुन्हा घ्यावी.

यावर कोणी म्हणेल की, ‘तीस वर्षे चप्पल घालून गाडी हाकली, कधी काही झाले नाही.’ हे म्हणणे खरेही असेल. परंतु त्या तीस वर्षांत पूर्ण जोराने ब्रेक दाबण्याची वेळ किती वेळा आली, याचा हिशेब त्याने करावा. रोजच्या चालविण्यात पाय सावकाश हलतो, आणि सावकाश हलणाऱ्या पायास कोणतीही चप्पल चालते. जोड्याची कसोटी त्या एका क्षणी लागते, आणि तो क्षण आगाऊ सूचना देऊन येत नाही.

त्यातही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मनुष्य निवांतपणे बाहेर पडतो, तेव्हा तो बूट शोधून घालतो. परंतु मध्यरात्री घरात कोणाच्या छातीत दुखू लागले, सुनेस कळा सुरू झाल्या, किंवा गाडी चुकेल अशी वेळ आली, म्हणजे दाराशी जे सापडेल ते पायात अडकवून तो धावतो. आणि दाराशी बहुधा स्लिपर असते, व तीही कधी दुसऱ्याची. याचा अर्थ, ज्या रात्री भुसावळचा रस्ता त्यास सर्वांत वेगाने कापावयाचा असतो, त्याच रात्री त्याच्या पायात सर्वांत वाईट जोडा असतो. या अडचणीवर उपदेश चालत नाही, व्यवस्था चालते. ती व्यवस्था अगदी सोपी आहे. गाडीसाठी म्हणून एक जोड वेगळा करावा आणि तो गाडीतच, चालकाच्या दाराच्या कप्प्यात किंवा मागच्या आसनाखाली बांधलेल्या पिशवीत कायम ठेवावा. तो घरात आणू नये, शेतावर नेऊ नये, पाहुण्यास देऊ नये. गाडीत बसताना तो घालावा, उतरताना काढावा. देवळात जाताना जोडा काढावा, ही सवय आपल्या लोकांच्या अंगी लहानपणापासून भिनलेली आहे. गाडीत बसताना तो बदलावा, ही तिचीच धाकटी बहीण होय. घरात दोन माणसे गाडी हाकत असल्यास दोघांचे दोन जोड असावेत. आणि मुलगा किंवा मुलगी शिकू लागेल त्या पहिल्या दिवशीच ही शिस्त लावावी, म्हणजे पुढे ती सांगावी लागत नाही.

अलीकडे गियर आपोआप बदलणाऱ्या गाड्या स्वस्त होऊ लागल्या आहेत, आणि त्यांत क्लचचे पेडल नसते. तथापि खेड्यापाड्यांतून हाताने गियर बदलण्याच्या जुन्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे धावतील. आणि क्लच गेला तरी ब्रेक राहणारच आहे. एका कॅनव्हासच्या बुटाची किंमत गाडीच्या एका टायरच्या किमतीपुढे नगण्य असते. टायर झिजला की, त्याची चिंता सारे करतात. त्याच चिंतेने मोटारवाल्याने आज संध्याकाळी आपल्या पायांकडे एकदा पाहावे, आणि तो दुसरा जोड रात्र होण्यापूर्वी गाडीत नेऊन ठेवावा.